चयापचय कशावर ठरतो आणि तो वाढवता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनाचा विषय निघाला की 'माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे', म्हणजे चयापचय मंद आहे, हे वाक्य हमखास कानावर येतं. लग्नसमारंभात येतं, जिममध्ये येतं, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही येतं. या एका वाक्यावर पावडरी, काढे आणि गोळ्यांचा मोठा बाजार चालतो. त्यात पैसाही जातो आणि मनस्तापही होतो, विशेषतः बायकांना. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे जरा सविस्तर दिली आहेत.

पचन आणि चयापचय एकच का?

नाही. पचन तोंडापासून आतड्यापर्यंत चालतं. भाकरीतल्या पिठाची साखर होते, डाळीतल्या प्रथिनांचे छोटे घटक होतात आणि ते रक्तात जातात. त्यानंतर शरीरातल्या प्रत्येक पेशीत त्या घटकांचं जे काही होतं, ते म्हणजे चयापचय. काही घटक जाळून ऊर्जा मिळते, काहींपासून नव्या पेशी घडतात, उरलेलं साठवलं जातं.

गॅस, आंबट ढेकर, पोट साफ न होणं या पचनाच्या तक्रारी आहेत. त्या आहेत म्हणून चयापचय मंद आहे असं ठरत नाही. पोट साफ करणारं चूर्ण घेऊन दुसऱ्या दिवशी काट्यावर अर्धा किलो कमी दिसतं, पण ते वजन मळाचं आणि पाण्याचं असतं. चरबी जागेवरच असते.

आपण काहीच केलं नाही तरी शरीर ऊर्जा खर्च करतं का?

करतं, आणि भरपूर करतं. बहुतेक शहरी माणसांच्या दिवसभराच्या खर्चापैकी ६० ते ७० टक्के ऊर्जा नुसतं जिवंत राहण्यात जाते. हृदय चालतं, मेंदू जागा असतो, मूत्रपिंडं रक्त गाळतात, शरीर ३७ अंशांवर ऊबदार राहतं. पूर्ण विश्रांतीत, उपाशीपोटी होणाऱ्या या खर्चाला बीएमआर म्हणतात. साधारण १० टक्के ऊर्जा खाल्लेलं अन्न पचवण्यात आणि साठवण्यात जाते. उरलेली हालचालीत जाते. हालचाल म्हणजे नुसता व्यायाम नव्हे. जिना चढणं, भांडी घासणं, बसस्टॉपवर उभं राहणं, खुर्चीत चुळबुळ करणं, सगळं यात येतं.

हा खर्च मोजण्याची कल्पना जुनी आहे. १७८०च्या दशकात फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते पाहिलं. श्वसन हे एक प्रकारचं संथ ज्वलन आहे, हे त्यातून पुढे आलं. आज प्रयोगशाळेत माणूस किती ऑक्सिजन घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, यावरून हाच हिशोब करतात.

मग एखाद्याचा चयापचय कशावर ठरतो?

सर्वांत आधी शरीराच्या आकारावर. मोठ्या शरीरात जास्त पेशी, म्हणून जास्त खर्च. इथेच बहुतेकांचा पहिला गैरसमज दूर होतो: जाड माणसाचा एकूण चयापचय बारीक माणसापेक्षा सहसा जास्त असतो, कमी नाही.

त्यानंतर महत्त्वाचं म्हणजे ते शरीर कशाचं बनलेलं आहे. एक किलो यकृत दिवसाला साधारण २०० कॅलरी खर्च करतं, एक किलो मेंदू सुमारे २४०, तर हृदय आणि मूत्रपिंडं किलोमागे ४४० च्या आसपास. त्या मानाने विश्रांतीतला एक किलो स्नायू फक्त १३ कॅलरी वापरतो आणि एक किलो चरबी जेमतेम साडेचार. मेंदू, हृदय, यकृत आणि मूत्रपिंडं मिळून शरीराच्या वजनाचा अगदी लहान हिस्सा असतात, पण विश्रांतीतला निम्म्याहून जास्त खर्च त्यांचा असतो. आणि या अवयवांचा वेग आपल्या इच्छेने वाढत नाही. 'चयापचय वाढवा' म्हणणाऱ्या प्रत्येक जाहिरातीसमोर ही एक गोष्ट आठवावी.

स्त्री-पुरुष फरक बराचसा यातूनच येतो. पुरुषांची उंची आणि स्नायू सरासरीने जास्त, म्हणून खर्च जास्त. वय, थायरॉईडची संप्रेरकं, आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. तापात खर्च वाढतो: शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की बीएमआर साधारण १० ते १३ टक्क्यांनी चढतो. लांबलेल्या तापात माणूस वाळतो, त्यामागचं हे एक कारण.

माझा बीएमआर किती, हे घरी काढता येतं का?

अंदाज काढता येतो. १९९० पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जोर सूत्र सोपं आहे. वजन (किलो) गुणिले १०, त्यात उंची (सेंटीमीटर) गुणिले ६.२५ मिळवा, त्यातून वय गुणिले ५ वजा करा. पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. ४० वर्षांची, ६० किलो वजनाची, १५५ सेंटीमीटर उंचीची बाई असेल तर उत्तर येतं सुमारे १,२०८ कॅलरी. ७० किलो वजनाचा, १६८ सेंटीमीटर उंचीचा तिचा समवयस्क नवरा असेल तर १,५५५. एकाच ताटातलं सारखं जेवण दोघांना सारखं का पडत नाही, ते यात दिसतं. घरात बाईने कमी खाऊनही तिचं वजन उतरत नाही आणि मग सगळे तिच्या 'कंट्रोल'वर बोलतात, तेव्हा हा साडेतीनशे कॅलरींचा फरक कुणी मोजलेला नसतो.

एक सावधगिरी. अशी सूत्रं मुख्यतः पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवर बेतलेली आहेत. जागतिक पातळीवर वापरल्या गेलेल्या एका जुन्या सूत्रसंचात तर इटालियन लोकांच्या नोंदींचा भरणा फार मोठा होता, आणि ते भारतीयांचा बीएमआर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं असं पुढे आढळलं. तेव्हा आकडा दिशा दाखवण्यापुरता घ्यावा.

काही जण कितीही खातात, तरी अंगाला लागत नाही. हे कसं?

बहुतेक वेळा आपण त्यांना लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं असतं, आठवडाभर नाही. पण खरा फरकही असतो, आणि तो फार सुंदर प्रयोगांत दिसला आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स लेव्हिन यांच्या चमूने १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या. एकाच्या अंगावर ०.३६ किलो चरबी चढली, तर दुसऱ्याच्या अंगावर ४.२३ किलो. ज्यांची चरबी कमी वाढली, त्यांची दिवसभरातली सहज हालचाल नकळत वाढली होती: जास्त उभं राहणं, जास्त फिरणं, जास्त चुळबुळ.

त्याआधी १९९० मध्ये क्लोद बुशार यांनी कॅनडात जुळ्या भावांच्या १२ जोड्यांवर असाच प्रयोग केला होता. जास्तीचं खाणं सगळ्यांना सारखं, पण वजनवाढ ४ किलोंपासून १३ किलोंपर्यंत. आणि एका जोडीतल्या दोन भावांची वाढ एकमेकांशी बरीच जुळणारी. म्हणजे जास्तीच्या खाण्याचं शरीर काय करणार, यात जन्मजात वाटा मोठा आहे. जाड माणसाला 'आळशी' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

चाळिशीनंतर चयापचय मंदावतोच ना?

हा समज इतका पक्का आहे की २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेले निष्कर्ष अनेक तज्ज्ञांनाही अनपेक्षित होते. हर्मन पाँट्झर आणि जगभरातल्या संशोधकांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं एकत्र केली, वय ८ दिवसांपासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराच्या आकाराचा हिशोब वजा केल्यावर दिसलं ते असं: एक वर्षाच्या बाळाचा चयापचय प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त असतो. तो हळूहळू उतरत विशीत स्थिरावतो. आणि २० ते ६० या वयात जवळजवळ तसाच राहतो. घसरण साठीनंतर सुरू होते, तीही वर्षाला साधारण ०.७ टक्के.

मग चाळिशीत पोट का सुटतं? बढती मिळते, गाडी येते, गुडघा कुरकुरतो, संध्याकाळचं खेळणं सुटतं, झोप कमी होते. स्नायू थोडे घटतात. जेवण मात्र पंचविशीतलंच राहतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर काहीतरी करता येतं, म्हणून मला ही बातमी आशेची वाटते.

बाळंतपणाने किंवा पाळी गेल्यावर चयापचय बिघडतो का?

त्याच अभ्यासात गरोदरपणातली वाढ शरीराच्या वाढलेल्या आकाराइतकीच दिसली, आणि पाळी जाण्याच्या वयातही वेगळी घसरण दिसली नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होतं, त्याने चरबीची जागा बदलते: मांड्या-नितंबांऐवजी पोटावर साठू लागते. आकार बदलतो तो खराच, पण त्याचं कारण वेग मंदावणं हे नाही.

थायरॉईडमुळेच माझं वजन वाढलं आहे का?

थायरॉईड कमी असेल तर बीएमआर खरोखर उतरतो. थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, कोरडी त्वचा, पाळीत बदल अशी लक्षणं दिसतात. टीएसएच या संप्रेरकाची साधी रक्त तपासणी हे दाखवते. पण त्यामुळे होणारी वजनवाढ सहसा दोन ते पाच किलोंच्या घरात असते आणि तीही बरीचशी मीठ-पाणी साठल्यामुळे. वीस किलो वाढले असतील, तर सगळा दोष थायरॉईडला देता येत नाही. गोळी सुरू होऊन टीएसएच योग्य पातळीवर आला की तुमचा चयापचय इतरांसारखाच असतो.

वजन उतरवण्यासाठी गरज नसताना थायरॉईडची गोळी घेणं किंवा डोस मनाने वाढवणं धोक्याचं आहे. हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात आणि स्नायूही झिजतात.

भारतीयांचा चयापचय वेगळा असतो का?

या प्रश्नावरचं जगात गाजलेलं काम पुण्यात झालं आहे, आणि ते मराठी घराघरांत माहीत असायला हवं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. पण या हडकुळ्या बाळांत स्नायू आणि पोटातले अवयव लहान असले, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त.

हीच गोष्ट एका छायाचित्राने अधिक ठसली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

याचा अर्थ असा की आपल्याकडे वजनाचा आकडा फसवतो. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेली तर साखर तपासून घ्यावी, मग काटा काहीही म्हणो. माझं मत विचाराल तर चयापचय वेगवान की मंद या चिंतेपेक्षा शिवणाची टेप घेऊन कंबर मोजणं आपल्या लोकांसाठी जास्त कामाचं आहे. आणि गरोदर सुनेच्या, लेकीच्या पानात काय पडतं, हेही तितकंच महत्त्वाचं.

कडक डाएट केलं की चयापचय कायमचा मंदावतो, हे खरं का?

मंदावतो हे खरं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना कसं सावरायचं, हे शोधायचं होतं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं आणि बीएमआर तब्बल ४० टक्क्यांनी उतरला. त्यांना थंडी वाजायची, नाडी मंद झाली होती, डोक्यात सतत अन्नाचे विचार यायचे.

याचा काही भाग साधा हिशोब आहे: शरीर लहान झालं, खर्च कमी झाला. पण शरीर त्याहूनही थोडी जास्त काटकसर करतं. २०१६ मध्ये केव्हिन हॉल यांच्या चमूने एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेत झटपट वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बऱ्याच जणांचं वजन परत चढलं होतं, तरी त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरींनी कमी होता. हे टोकाचं उदाहरण आहे. सावकाश, माफक वजन उतरवणाऱ्यांत ही काटकसर सहसा बरीच कमी असते. 'लग्नाआधी महिनाभरात दहा किलो' अशा योजनांना नकार द्यायला मात्र हे कारण पुरेसं आहे.

एकादशीचा उपवास केला तर चयापचय मंदावेल का?

एका दिवसाने नाही. निकोप प्रौढ माणसात दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणातही विश्रांतीतला खर्च लगेच कोसळत नाही. अडचण वेगळीच आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्या पूर्वजांनी बरोबर ओळखलं होतं. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, तूप, बटाट्याचे वेफर्स हे सगळं पोटात गेल्यावर उपवासाच्या दिवशी कॅलरी नेहमीपेक्षा वाढलेल्या असतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी करू नये.

दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी थोडं थोडं?

महाराष्ट्रात यावर घराघरांत दोन पक्ष आहेत. चयापचयापुरतं बोलायचं तर फरक पडत नाही. अन्न पचवण्यात जाणारी ऊर्जा एकूण किती आणि काय खाल्लं यावर ठरते, ते किती वेळांत वाटलं यावर नाही. ज्या पद्धतीने तुमची भूक आटोक्यात राहते, ती तुमची.

काय खाल्लं याने थोडा फरक पडतो. प्रथिनांतली २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच जाते. पिष्टमय पदार्थांत ५ ते १० टक्के, तेल-तुपात फार तर ३. शिवाय प्रथिनांनी पोट भरल्यासारखं वाटतं आणि स्नायू टिकतात. भारतीय शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे ६० किलोंच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. पोहे, वरण-भात, पोळी-भाजी एवढ्यावर ती अनेकदा गाठली जात नाही. मटकीची उसळ, दही, अंडी, मासे, सोयाबीन, पिठलं यांना ताटात मोठी जागा द्यावी.

ग्रीन टी, जिऱ्याचं पाणी, लिंबू-मध, मिरची, थंड पाणी?

कॅफिन आणि मिरचीतलं कॅप्सेसिन खर्च काही तासांपुरता थोडासा वाढवतात. वजनावर दिसेल इतका नाही. लिंबू-मधाच्या पाण्यात मधाच्या कॅलरी असतात, एवढं लक्षात ठेवावं. जिऱ्याचं पाणी आवडत असेल तर प्यावं, चरबी वितळेल या आशेने नाही. अर्धा लीटर १५ अंशांचं पाणी ३७ अंशांपर्यंत तापवायला शरीराला लागतात ११ कॅलरी. अर्धा चमचा साखर.

ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या मात्र चहापेक्षा वेगळ्या. जास्त मात्रेत त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

'फॅट बर्नर' गोळ्यांनी खरंच काही होत नाही का?

एका रसायनाने झालं होतं, आणि त्याचा इतिहास सांगायलाच हवा. १९३०च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी, वजन उतरवण्यासाठी विकलं गेलं. ते पेशीतली ऊर्जा उपयोगी न पडता थेट उष्णतेत घालवतं. चयापचय खरोखर वाढायचा, वजन उतरायचं. सोबत मोतीबिंदू व्हायचा, ताप इतका चढायचा की माणसं आतून तापून मरायची. १९३८च्या नव्या अमेरिकी औषध कायद्यानंतर ते बंद झालं. तरी आजही ते इंटरनेटवर चोरून विकलं जातं आणि तरुण मुलं दगावतात. घरातल्या जिमला जाणाऱ्या मुलाला हे नाव सांगून ठेवा. आज मिळणाऱ्या बाकीच्या बऱ्याच डब्यांत मुख्य माल कॅफिनच असतो.

वजनासाठी डॉक्टर आता देतात ती सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं वेगळी. ती मुख्यतः भूक कमी करतात. चयापचयाचा वेग वाढवणं हे त्यांचं काम नाही.

तंबाखू किंवा मिश्री सोडली की वजन वाढतं. मग सोडावी का?

सोडावीच. निकोटीन भूक मारतं आणि खर्च थोडा वाढवतं, त्यामुळे सोडल्यावर काही किलो चढू शकतात. तोंडाच्या कॅन्सरपुढे त्या किलोंची काहीच किंमत नाही.

व्यायामाने, स्नायू वाढवून चयापचय वाढतो ना?

जिममध्ये सांगतात त्यापेक्षा फार कमी. वर दिलेला आकडा पाहा: दोन किलो स्नायू कमवले, जे सोपं नाही, तर विश्रांतीतला खर्च दिवसाला २६ कॅलरींनी वाढेल. टांझानियातल्या हाझ्दा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजाच्या ऊर्जेच्या खर्चाचा हिशोब २०१२ मध्ये केला गेला. ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चालतात, तरी शरीराच्या आकाराचा विचार केल्यावर त्यांचा दिवसभराचा खर्च शहरी अमेरिकनांइतकाच निघाला.

तरीही मी प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला सांगेन, आजीलासुद्धा. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा भाग स्नायू शोषून घेतात, आणि आपल्याकडे मधुमेह किती आहे हे वेगळं सांगायला नको. शिवाय साठीनंतर स्नायू टिकवलेला माणूस स्वतःहून जमिनीवरून उठतो, पडला तर सावरतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली, फोनवर बोलताना उभं राहणं, एक स्टॉप आधी उतरणं, याने लेव्हिन यांच्या प्रयोगातली सहज हालचाल वाढते. एकूण खर्चातला आपल्या हातात असलेला हिस्सा तोच.

झोप कमी झाली तर?

कमी झोपेने चयापचय फारसा मंदावत नाही, भूक वाढते. भूक जागवणारं ग्रेलिन वाढतं, तृप्ती देणारं लेप्टिन उतरतं, आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. रात्रपाळी करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

वजनकाट्यावर 'मेटाबॉलिक एज' ५२ दाखवतंय, मी ३८ ची आहे. घाबरू का?

नको. ते यंत्र पायांतून सौम्य वीजप्रवाह सोडून चरबीचा अंदाज घेतं आणि एखाद्या सूत्रात घालून आकडा काढतं. पाणी कमी-जास्त प्यायलं तरी तो हलतो. हे वैद्यकीय निदान नाही.

डॉक्टरांकडे कधी जावं?

खाणं आणि हालचाल तीच असून काही महिन्यांत वजन झपाट्याने वाढलं किंवा, जास्त गंभीर म्हणजे, आपोआप उतरलं तर. भूक भरपूर आणि वजन घटतंय, सोबत हात थरथरतात, छाती धडधडते, तर थायरॉईड वाढलेला असू शकतो. तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणं ही मधुमेहाची लक्षणं असू शकतात. चेहरा गोल होणं, पोटावर जांभळे रुंद पट्टे, जरा लागलं तरी काळेनिळे डाग पडणं, हे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढल्याने होऊ शकतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्यावी. स्टेरॉईड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात, आणि अनेकदा डॉक्टरांना दुसरा पर्याय देता येतो. स्वतःहून औषध बंद करू नये. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी कुणी दिलेली बिननावाची पुडी घेत असाल, तर तीही सोबत न्या. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं.